दुसरा आकडा

वर्गातले पालक त्यांना बाई म्हणत. घरात मात्र वयाची एक्केचाळीस उलटली तरी त्या छोटीच होत्या. आपण बाईच म्हणू. ती हाक त्यांनी स्वतः मिळवलेली होती.

बाईंना ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांच्या असताना तापात कान गेले ते गेलेच. समोरच्याचं बोलणं त्या निम्मं ओठांवरून आणि निम्मं अंदाजाने ओळखत, लिहीत झरझर, आणि बोलत हातांनी. ही हातांची भाषाच त्या शिकवत. शिकणारे सगळे ऐकू येणारे होते. ज्यांच्या घरात ऐकू न येणारं मूल जन्मलं आणि आता त्याच्याशी बोलायचं कसं म्हणून ज्यांची झोप उडाली, असे आईबाप. एका संस्थेने अशी सहा घरं बाईंकडे सोपवली होती. आठवड्यातून चार दिवस, सकाळी अकरा ते बारा, पुढच्या खोलीत निळ्या पडद्यापुढे बसून, लॅपटॉपवर वर्ग चाले.

महिनाभरापासून तो वर्ग अडखळत होता. बाईंचा हात वर जायचा आणि पडद्यावर तिथेच थिजायचा. चार सेकंदांनी तो भलतीकडेच उगवायचा. बोलणाऱ्याचा आवाज तुटला तर शब्द गाळून अर्थ लावता येतो. हात तुटला तर काहीच उरत नाही.

त्या मंगळवारी वर्गातल्या एका वडिलांनी लिहिलं, "बाई, माझी एक खूण चुकते का बघता?" हे गृहस्थ ट्रक चालवत. गाडी कुठेतरी कडेला लावून, स्टिअरिंगवर फोन टेकवून वर्गाला बसत. मुलगी चार वर्षांची. "मी निघताना तिला 'परत येतो' अशी खूण करतो. ती दारात आडवी पडून रडते. पूर्वी एवढी रडायची नाही."

"करून दाखवा," बाईंनी लिहिलं.

ट्रकवाल्यांनी उजवा हात छातीपासून पुढे ढकलला आणि थांबले. पुन्हा ढकलला आणि थांबले.

बाई पुढच्या अर्ध्या खुणेची वाट बघत राहिल्या. हात पुढे गेला की मनगट वळतं आणि हात परत छातीशी येतो, तेव्हा ती खूण 'परत येतो' होते. ट्रकवाल्यांनी केलेली नुसती 'जातो' होती. बाईंचा हात पडद्यावर जिथे थिजला होता, तिथपर्यंतच ते शिकले होते. तीन आठवडे हा माणूस घरातून निघताना आपल्या पोरीला प्रेमाने सांगत होता, जातो, जातो, जातो.

बाईंनी पूर्ण खूण करून दाखवली. सहाही चौकटींतले चेहरे तसेच ताटकळलेले. मग एकाने लिहिलं, "बाई, तुम्ही पुन्हा थांबलात." बाईंनी तीच खूण पाच वेळा केली. शेवटी ती शब्दांत लिहून काढली, पण मनगट कसं वळतं ते शब्दांत काय कपाळ कळणार? वर्ग संपला तेव्हा त्यांनी लॅपटॉप असा मिटला की टेबलावरचा पेला लवंडला.

संध्याकाळी संस्थेच्या पर्यवेक्षिकेचा संदेश आला. सोमवारी त्या वर्ग बघायला बसणार होत्या. 'तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण चित्र असंच राहिलं तर पुढची तुकडी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.'

तक्रार नाही म्हणे!

बुधवारी बाई इंटरनेट कंपनीच्या मागे लागल्या. कंपनीच्या वेबसाइटवर गप्पांची खिडकी होती. बाईंनी सगळं मुद्देसूद लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आमच्या प्रतिनिधीशी फोनवर बोला." बाईंनी लिहिलं, "मला ऐकू येत नाही. इथेच लिहून सांगा." उत्तर आलं, "आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आमच्या प्रतिनिधीशी फोनवर बोला." बाईंनी तिसऱ्यांदा जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. त्यालाही तेच उत्तर आलं.

मग वहिनीने आपल्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. वहिनी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. घरात बाईंची भाषा बऱ्यापैकी येणारी ती एकटीच. पण कनेक्शन दादाच्या नावावर होतं आणि प्रतिनिधी म्हणाला, ग्राहकाशीच बोलेन.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. एका मोठ्या गोदामाचा कारभार त्याच्याकडे होता. कामावरून आला की बूट काढता काढता तो चार लोकांना फोन लावी. त्या संध्याकाळी त्याने कंपनीला फोन लावला आणि बाई समोर बसून त्याचे ओठ वाचत राहिल्या. आधी नंबर सांगितला, पत्ता सांगितला. मग तो जरा वळला, पण पुरेसा वळला नाही.

"नाही हो, तशी चालू आहे लाइन," तो म्हणत होता. "बहीण आहे माझी, तिला ऐकू येत नाही. जरा चिडकी आहे. तुम्ही एक माणूस पाठवा, तिचं समाधान होईल."

बाईंनी टेबलावर हात आपटला. दादाने दचकून बघितलं. "चिडकी?" बाईंनी हातांनी विचारलं. ती खूण दादाला येत नव्हती, पण चेहरा वाचायला भाषा लागत नाही.

"अगं, तसं म्हटलं की लवकर येतात," तो म्हणाला.

माणूस गुरुवारी आला. पन्नाशीचा, खांद्याला पिशवी, कानामागे पेन्सिल. दार बाईंनी उघडलं. तो बाईंशी काहीतरी बोलला, बाईंनी कानाकडे बोट दाखवून वही पुढे केली, आणि त्याने वही बघून न बघितल्यासारखं करत आत हाक मारली. आई आली. तिथून पुढे तो फक्त आईशी बोलला. आईला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिला ऐकू येत होतं, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं.

त्याने आपल्या फोनवर वेग मोजला आणि तो आकडा आईला दाखवला. ब्याण्णव. आईने कौतुकाने मान हलवली. बाईंनी वहीत लिहिलं, "फोनवर ठीक आहे. माझा वर्ग लॅपटॉपवर असतो. लॅपटॉपवर बघा." त्याने लॅपटॉप उलटा केला, मागचं लेबल वाचलं आणि आईला काहीतरी सांगून निघून गेला. पाचव्या मिनिटाला दादाच्या फोनवर संदेश आला, तो त्याने बाईंना पुढे पाठवला. 'आपली तक्रार सोडवली आहे. कारण: ग्राहकाचा लॅपटॉप जुना.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला म्हणाल्या, म्हणजे खुणेने आणि अर्ध्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, "तू का बोललीस त्याच्याशी? तक्रार माझी होती!"

"तो मला विचारत होता गं," आई म्हणाली. "मी काय तोंड बंद करून बसू?"

"हो!" बाई म्हणाल्या. घरात फार वर्षांनी त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला असावा, कारण आईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

शुक्रवारी वर्ग नव्हता. आई सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, दादा-वहिनी कामावर. बाईंनी दाराला कडी घातली आणि ठरवलं, आता आपणच बघू.

लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून, शंभर आकडे मोजून, चालू केला. लॅपटॉपमध्ये मागच्या मागे काय काय चाललंय ते बघून सगळं बंद केलं. वेग तोच. वहिनीचा नवा कोरा लॅपटॉप आणून लावला आणि चालू करून हात हलवून बघितला, तर तिथेही हात थिजला. म्हणजे लॅपटॉप जुना हे कारण गेलं खड्ड्यात. कपाटातून जाड वायर काढून राउटर थेट लॅपटॉपला जोडला. हात तरीही थिजला, म्हणजे वायफायचाही दोष नाही. पुन्हा वेग मोजला. ब्याण्णव.

बाई त्या आकड्याकडे खुनशी नजरेने बघत बसल्या. ब्याण्णव असताना अडतंय कुठे? वर्गातली माणसं त्यांना स्वच्छ दिसत होती. ट्रकवाल्यांच्या मागच्या खिडकीतली माशीसुद्धा दिसे. अडत होतं ते बाईंचं. बाईच तेवढ्या त्यांना दिसत नव्हत्या.

तेव्हा त्यांची नजर खाली गेली. ब्याण्णवच्या खाली, बारीक अक्षरात, दुसरा एक आकडा होता. शून्य पूर्णांक चार. पहिला आकडा घरात काय येतं त्याचा, दुसरा घरातून बाहेर काय जातं त्याचा. सिनेमे बघणाऱ्यांना पहिला पुरतो. त्या पेन्सिलवाल्याने पहिलाच वाचला, आईने पहिलाच वाचला, दादाने तर काहीच वाचलं नाही. बाईंचे हात मात्र दुसऱ्या आकड्यातून बाहेर जात होते, आणि तो शून्याला टेकला होता.

कंपनीने दुसरा आकडा वीस कबूल केला होता. मग वीस जातात कुठे?

राउटरच्या पोटावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर आत शिरायचा पत्ता आणि पासवर्ड. बाईंनी तो लॅपटॉपवर टाकला. घरात इंटरनेटला काय काय जोडलंय त्याची यादी उघडली. बाईंचा लॅपटॉप, बाईंचा फोन, वहिनीचा लॅपटॉप, टीव्ही. आणि खाली चार ओळी, ज्या एकसारख्या बाहेर काहीतरी पाठवत होत्या. कॅमेरा गेट. कॅमेरा जिना. कॅमेरा मागचं दार.

हे तिन्ही बाईंना ठाऊक होते. शेजारची स्कूटर चोरीला गेली तेव्हा, पाच आठवड्यांपूर्वी, दादाने ते बसवले होते. दिवसभर तिन्ही डोळे गोदामातल्या त्याच्या फोनवर चित्र धाडत बसायचे, तेही सगळ्यांत मोठं, सगळ्यांत स्वच्छ. रिकामा जिना जगाला झकास दिसत होता आणि बाई दिसत नव्हत्या!

संताप तिथेच थांबला असता. पण चौथी ओळ होती. कॅमेरा हॉल.

बाई खुर्चीत बसल्या होत्या ती जागा म्हणजे हॉल.

त्यांनी मान वर केली. पुस्तकांच्या फळीवर, कोपऱ्यात, एक पांढरी डबी होती, वर दोन शिंगं. दादानेच आणून ठेवलेली. "तुझ्या वर्गासाठी," तो म्हणाला होता. "याने वायफाय जोरात चालेल." बाईंनी त्याचे आभार मानले होते. त्या दिवशी त्याच्या आवडीची खीर केली होती.

बाई खुर्चीवर चढल्या. दोन शिंगांच्या मधे काळ्या काचेचा टिकलीएवढा ठिपका होता. त्यांनी डबीची वायर उपटली. लॅपटॉपवर चौथी ओळ पुसली गेली.

या खोलीत त्या वर्ग घेत. इथेच दुपारी मैत्रिणीशी व्हिडिओवर तास-तास बोलत. घामाने भिजलं की पडदा ओढून इथेच कपडे बदलत, कारण पंखा इथे चांगला होता. त्यांनी तडक जाऊन गेटचा, जिन्याचा आणि मागच्या दाराचाही कॅमेरा बंद केला, आणि परत येऊन वेग मोजला. दुसरा आकडा एकोणीस.

दहा मिनिटांत दादाचे संदेश सुरू झाले. 'कॅमेरे बंद का?' 'लाइट गेलेत का?' 'छोटी?' 'उत्तर दे.' बाईंनी फोन पालथा घातला.

दादा त्या दिवशी साडेसहाऐवजी पाचलाच धापा टाकत आला. आई परतली होती, वहिनीही आली. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या शेजारी ती पांढरी डबी.

दादाने डबी बघितली आणि तो आईकडे बघून काहीतरी बोलला. आई उत्तर द्यायला लागली. बाईंनी टाळी वाजवली.

"माझ्या डोक्यावरून बोलायचं नाही," त्यांनी लॅपटॉपवर मोठ्या अक्षरात लिहिलं. "आज सगळ्यांनी इथे लिहायचं. मला सगळं वाचायचं आहे. एकही शब्द अंदाजाने नाही."

दादा खुर्चीत बसला. फोनवर धडाधड बोलणारा माणूस दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायला लागला.

"तुझ्या काळजीपोटी ठेवला. तू एकटी असतेस. कोणी घरात शिरलं तर तुला कळणार नाही."

"बेल वाजली की माझ्या टेबलावर दिवा लागतो. तो मी बसवला. तू नाही."

"चोर बेल थोडीच वाजवतो."

"चोरावर डोळा ठेवायचा तर दारावर ठेव. माझ्यावर का?"

दादाने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "मी सारखा बघत नव्हतो."

"कपडे बदलताना?"

दादा लाल झाला. "देवाशपथ नाही. दिसलं की बंद करायचो."

"म्हणजे दिसलं." बाईंनी हे लिहिलं आणि लॅपटॉप वहिनीकडे वळवला. वहिनीने वाचलं. तिने नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसला. तिला या डबीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या नजरेतच कळत होतं.

"आई?" बाईंनी हातांनी विचारलं. "तुला माहीत होतं?"

आईने पदराला हात पुसले. मग मान हलवली. होतं.

बाईंना वाटलं, आपण आता ही डबी भिंतीवर फेकणार. फेकली नाही. त्या कीबोर्डवर तुटून पडल्या. "महिनाभर माझा वर्ग बुडतोय. मी लॅपटॉपला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, रडकुंडीला आले. तू मला चिडकी म्हणालास. आणि माझा वर्ग तुझी ही डबी खात होती! एक बाप आपल्या चार वर्षांच्या पोरीला रोज सांगतोय की मी जातो, कारण 'परत येतो' मधलं परत तू खाल्लंस. मला विचारलं असतंस तर मी तीन मिनिटांत सांगितलं असतं. पण मला विचारायचं कुणाच्या डोक्यात येतं? माझ्याबद्दल सगळे एकमेकांना विचारता."

दादाने ते दोनदा वाचलं. मग त्याने लिहिलं, "एकदा तू खूप रडत होतीस. इथे, याच खुर्चीत. तासभर. मी गोदामातून बघितलं."

बाईंना तो दिवस आठवला. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"मग आला का नाहीस?"

दादाने डबी हातात घेऊन पुन्हा टेबलावर ठेवली.

"फोनवर साधा एक शब्द तरी? काय झालं, एवढा? बघत बसलास. चोराला पकडायला कॅमेरा लावलास आणि बहीण रडताना दिसली तेव्हा?"

दादा उठला. डबी उचलून खिशात घातली. ओठ हलले, पण त्याने मान एवढी खाली घातली होती की बाईंना काही वाचता आलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी वहिनीने दादाला बाहेरच्या तिन्ही कॅमेऱ्यांपुढे उभं केलं. चित्र आता बाहेर धाडायचं नाही, कॅमेऱ्यातल्याच कार्डावर साठवायचं, असं ठरलं. राउटरचा पासवर्ड बाईंनी बदलला आणि तो कुणालाही सांगितला नाही. आईने दोनदा आडून आडून विचारलं. बाईंनी आडून आडून ऐकू न आल्यासारखं केलं, ज्यात त्यांचा हात कोण धरणार?

सोमवारी पर्यवेक्षिका सातव्या चौकटीत येऊन बसल्या. बाईंनी पहिल्याच मिनिटाला ट्रकवाल्यांना पुढे बोलावलं. हात पुढे, मनगट वळव, छातीशी. त्यांनी केलं. पुन्हा केलं. मग त्यांनी फोन खाली ठेवला. थोडा वेळ चौकटीत ट्रकचं नुसतं छत दिसत होतं. परत दिसले तेव्हा डोळे पुसलेले होते. "तीन आठवडे मी तिला काय सांगत होतो, बाई," त्यांनी लिहिलं. बाईंनी लिहिलं, "चूक तुमची नाही." कुणाची, ते लिहायला बोटं शिवशिवत होती, पण वर्ग चालू होता. पुढची तुकडी बाईंकडेच राहिली.

घरात मात्र अबोला होता. दादाने एकदा आईकरवी निरोप धाडला, एकदा वहिनीकरवी. बाईंनी दोन्ही वेळा हात झटकले. मला सांगायचं असेल तर मला सांगायचं.

बाराव्या दिवशी, रविवारी, तो पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बाई पुढच्या आठवड्याच्या वर्गाची तयारी करत होत्या. त्यांनी मान वर करेपर्यंत तो उभाच राहिला. मग त्याने उजवा हात उचलला आणि कशीबशी, वहिनीकडून शिकून आल्यासारखी, खूण केली. त्या दिवशी. रडणं. का?

बाईंचा राग गेला नव्हता. खरं तर त्याला बघून पुन्हा उसळला होता. त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं नाही, वहीही दिली नाही. त्या हातांनीच सांगायला लागल्या. एका शाळेत त्यांची निवड झाली होती, मुलांना शिकवायला. मग शाळेने कळवलं, की पालकांचे फोन घ्यावे लागतात, तेव्हा जमणार नाही. पत्र त्या दुपारी आलं होतं.

दादाला शाळा एवढंच कळलं. त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, चिडून, भराभर. त्याला फोन कळला, पण त्याचा शाळेशी काय संबंध ते कळेना. तिसऱ्यांदा बाईंनी वेग कमी केला. चौथ्यांदा त्याने हात पुढे करून थांबवलं, डोकं खाजवलं आणि शेजारच्या स्टुलावर बसत खूण केली, पहिल्यापासून सांग.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.